सकाळी विद्यार्थी, अकराला फौजदार

पोलीस लायनीत जलम घालवलेल्या माणसाला किस्से कसे चिकटत्यात ठाऊक हाय? धोतराला कुसळं चिकटत्यात तसे. चालताना कळत न्हाय, बसलं की टोचाय लागत्यात! आता बसलोयच, तर काढतो एकेक.

मी बाबू शिपाई. बेळगावात यल्लाप्पा फौजदाराचा ऑर्डरली हुतो. मला लिवाय येती ती आपली सही, तीबी जीभ भायेर काढून. आन् मी ज्याची बुटं पुसली, त्यो माणूस डोक्यावर टक्कल पडल्यावर कॉलेजात गेला! अजून सांगताना अंगावर काटा येतोय बगा.

*

फौजदार निपाणीकडचा, तंबाखूच्या रानातला. बी.ए. झालता. एक दिस मोठ्या सायबानं बलावलं. गोरा सायेब, मराठी दगडासारखं बोलायचा. म्हणाला, "डेप्युटीची खुर्ची रिकामी होणार. तुम लोक कायदा चालवता, वाचत नाही. वकिलीची परीक्षा पास हो, खुर्ची घे. पण तोपर्यंत एक मोठी केस हरला, तर कणकुंबी!"

कणकुंबी म्हंजे पार गोव्याच्या अंगाला, जंगलात. तिथं चोर न्हाईत, जळवा हायत.

फौजदार म्हणाला, "सायेब, जळवांना कायदा शिकवीन!"

न्हाय, हे मी मागनं जोडलंय. त्यो नुसता सलाम ठोकून आला. पण गोष्ट बरी वाटती की न्हाय?

*

वकिलीचं कॉलेज सकाळी असायचं. पयल्या दिवशी फौजदार रातच्या गस्तीवरनं थेट वर्गात गेला. अंगात युनिफॉर्म, पायात बूट, हातात काठी. चळवळीचे दिवस ते! दारात टोपी दिसली आन् पोरांनी खिडक्यांतनं भायेर उड्या टाकल्या. एकाची चप्पल तेवढी आत ऱ्हायली.

वर्गात उरले एकटे कुलकर्णी वकील. कोर्टात वकिली करायचे, सकाळी शिकवायचे. म्हणाले, "कुणाला धरायला आलात?"

"कुणाला न्हाय सर. शिकाय आलोय."

वकिलांनी चष्मा पुसला, रिकामी बाकडी बगितली. "बसा मग. अशी शांतता ह्या वर्गात मी पहिल्यांदाच बघतोय!"

*

खरी गंमत पुढं. सकाळी सातला कुलकर्णी वकील फौजदाराला शिकवणार, आन् अकराला कोर्टात तेच वकील आरोपीकडनं उभं ऱ्हाऊन फौजदाराला फाडून खाणार! सकाळी जो डाव शिकवला, त्योच दुपारी टाकणार.

एकदा पिंजऱ्यात फौजदाराची अशीच उलटतपासणी चाललीती. वकिलांनी इचारलं, फौजदारानं धडाधडा उत्तरं दिली. वकील सवयीनं म्हणाले, "छान. बसा!"

आन् आमचा फौजदार सवयीनं बसला की! साक्षीच्या पिंजऱ्यात खुर्ची कुठली? दिसंनासाच झाला. मॅजिस्ट्रेट टेबलावरनं वाकून बगतोय, "साक्षीदार कुठं गेला?"

*

फौजदार परेडीला चालताना बी कलमं पाठ करायचा, तोंडातल्या तोंडात. पिरनवाडीचा एक नवा शिपाई हुता, भोळा. मला इचारतोय, "बाबूअण्णा, सायेब काय पुटपुटत्यात वो?"

मी म्हटलं, "मंत्र हाय रं. म्हटला की चोर आपल्या पायानं ठाण्यात येतोय."

दुसऱ्या दिवशी फौजदाराच्या टेबलावर कायद्याचं पुस्तक, त्याला हळदकुंकू, म्होरं नारळ! फौजदारानं पुस्तक बगितलं, मग माझ्याकडं बगितलं. मी भिताडाकडं बगितलं.

"फोड," म्हणाला. "मलाबी असला मंत्र पायजेच हाय."

*

घरात गंगाक्का, त्यांची बायकू. नवरा दाढी करताना मोठ्यानं पाठ करायचा, ही चुलीपाशी ऐकायची. एकदा लाडवाचा डबा रिकामा निघाला. फौजदार म्हणाला, "गंगे, खरं सांग. तूच खाल्लास न्हवं?"

"व्हय, मीच खाल्ला."

"बग! कबूल झालीस!"

"झाले की. पर पोलिसाम्होरं दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत न्हाय, म्हणून रोज वरडताय न्हवं? जावा आता कोर्टात!"

फौजदार अर्धी दाढी तशीच ठेवून हसत बसला. मला म्हणाला, "बाबू, ह्या घरात आधी ही वकील हुणार."

*

एकदा पोरांचा हरताळ हुता. कॉलेजच्या दारात घोषणा. म्होरं पोलीस उभं, फौजदार मधी. वर्गातलीच पोरं सगळी, त्याच्या बाकड्यावर बसणारी. त्यातला म्होरक्या म्होरं आला. "फौजदार, खरं सांगा, तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

"सकाळी तुमच्या. अकराला ड्युटी लागली की सायबाच्या. आता किती वाजल्यात?"

पोरानं घड्याळ बगितलं. "पावणेअकरा."

"मग पळा की रं! पाव तास हाय अजून!"

अकराला मोठा सायेब मोटारीतनं आला तवा दारात एक कुत्रं तेवढं बसलतं.

*

आता शेवटचा. ह्यो सांगताना मी हसत न्हाय.

वडगावात एका विणकराच्या घरातनं चांदीचा कंबरपट्टा गेला. पोरीच्या लग्नाचा. गावभर बोंब! सायेब म्हणाला, "ही मोठी केस. जिंकली की परीक्षेआधीच डेप्युटीसाठी तुझं नाव धाडतो. हरला, तर कणकुंबी!"

बसू नावाचा माणूस धरला. निव्वळ कानडी. फौजदारानं कानडीत इचारलं, "चोरलास का?" त्यो म्हणाला, "हौद्री." आता आमी सीमेवरची माणसं, आमाला कळतंय, हौद्री म्हंजे 'व्हय जी'. पर लिवाय बसलता साताऱ्याकडचा शिपाई. त्यानं ऐकलं हौद! लिवलं, 'माल हौदात हाय.' आन् फौजदार सायबाकडं गेला तेवढ्यात, ह्या शहाण्यानं माणसं लावून गल्लीतला हौद उपसला.

आन् तळाला कंबरपट्टा!

मी सोता बगितला. चिखलात चकाकत हुता. फौजदार परत आला, कागद वाचला आन् खालीच बसला.

मी म्हटलं, "सायेब, माल घावला की! तोंड का पाडलंय?"

"बाबू, आरोपीनं आपल्या तोंडानं जागा सांगितली आन् तिथं माल घावला, तरच कोर्ट धरतंय. नुसतं 'व्हय' चालत न्हाय. आन् गल्लीचा हौद, त्यात कुणीबी काय बी टाकंल. ह्यानं जागा सांगितलीच न्हाय रं."

"पर कागदावर हाय की!"

त्यानं कागद घडी घालून फायलीत ठेवला.

केस उभी ऱ्हायली. मोठा सायेब सोता कोर्टात येऊन बसलता, पायावर पाय टाकून. बसूकडनं कुलकर्णी वकील. त्यांना काय ह्या हौद्रीचं ठाऊक न्हवतं, उगं नेमानं इचारलं, "फौजदार, माल हौदात आहे, हे आरोपीनं तुम्हाला सांगितलं?"

एक 'व्हय' म्हटलं की डेप्युटीची खुर्ची! मी दारात उभा. गंगाक्का बायकांत बसलीती, तिनं पदर तोंडात धरलाता.

फौजदार म्हणाला, "न्हाय सर."

"मग काय म्हणाला?"

"हौद्री म्हणाला. माझ्या शिपायानं हौद लिवलं."

कोर्टातली कानडी माणसं खो खो हसली. मॅजिस्ट्रेट हसला. कुलकर्णी वकील हसले न्हाईत. जिंकलेला माणूस त्यो, पर खाली मान घालून नुसता कागद सारखं करत बसला. मोठा सायेब उठला आन् बूट आपटत भायेर गेला.

कंबरपट्टा विणकराला मिळाला. बसू सुटला. पायऱ्यांवर पळत आला आन् फौजदाराच्या पाया पडला. मोडक्या मराठीत म्हणतोय, "सायबा, तुमी देव हाय. पर एक सांगतो. मी टाकलंतं हौदातच!"

फौजदारानं त्याला उठवलं. खांद्यावरची धूळ झटकली.

"ठाऊक हाय रं मला," म्हणाला, टोपी डोक्यावर चढवली, आन् सायबाच्या मोटारीकडं चालाय लागला.