नकाशावरचं पाणी

बाबा माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी हाताकडे. हातात काठी असली तर ठीक. मोबाईल असला तर कपाळाला आठी. आणि कुणी कॅमेऱ्याची तिकाटी काढली की शेरडंमेंढरं तशीच सोडून त्याच्यासमोर येऊन उभे राहत आणि विचारत, "काय मोजताय?" मुळशीतल्या ज्या गडाच्या पायथ्याशी या म्हाताऱ्या मेंढपाळाचं खोपट होतं, त्या गडाचं नाव मी इथं लिहिणार नाही. वाट मात्र खोपटासमोरूनच जायची. त्यामुळे मारुंजीच्या भाड्याच्या फ्लॅटांतून रविवारी डोंगर तुडवायला निघणाऱ्या आम्हा मंडळींनी त्यांचं नाव 'चेकपोस्ट' ठेवलं होतं.

कुठले, कुणाचे, काम काय, इथं कशाला, ही चौकशी कुणाला चुकली नाही. पहिल्या खेपेला मी सांगितलं, मूळचा लातूरकडचा, हिंजवडीत नोकरीला आहे, गड बघायला आलोय. बाबांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"लातूरचा मानूस हितं दगडं बघाया येतुया? तिकडं दगडं न्हाईत?"

"गड जुना आहे ना, बाबा."

"जुना हाय म्हनूनच इचारतो. इतकी वर्सं कुटं पळून गेला न्हाई. आजच काय नड पडली?"

मी हसून वाट धरली.

संशय काही एकतर्फी नव्हता. मी भाऊबंदकीच्या गावात वाढलेला माणूस. बांधावरून दोन पिढ्या कोर्टात गेलेल्या. वाटेवरच्या कातळांवर ट्रेकवाल्यांनी पांढऱ्या ऑइलपेंटचे बाण काढले होते आणि ते सारखे शेणानं सारवलेले दिसत. म्हातारा लोकांना मुद्दाम चुकवतो आणि मग वाटाड्या म्हणून पैसे उकळतो, अशी माझी खात्री झाली होती. एकदा ते शेणानं भरलेल्या हातांनीच सापडले. मी म्हणालो, "बाबा, बाण कशाला पुसता? लोक चुकतात."

"चुकू द्या." हात गवताला पुसत ते म्हणाले. "माज्या भनीच्या वाडीवर आदी असंच दगडावर पांढरं आलं. मानसं म्हनली, आसंल कायतरी सरकारी. आदी खूण येती, मागनं तार येती. मंग आपलीच शेरडं आपल्याच रानात चोर ठरत्यात."

हे मोजणीचे दगड नाहीत, वाटेचे बाण आहेत, असं मी त्यांना पाच मिनिटं समजावलं. त्यांनी "व्हय व्हय" करत सगळं ऐकून घेतलं आणि पुढचा बाण सारवायला घेतला.

मग तो एप्रिल आला. आम्ही चौघं होतो. आमच्या टीममधली स्नेहल पहिल्यांदाच गडावर आली होती. चढताना सगळं झकास. कातळात खोदलेल्या पायऱ्या, पडका दरवाजा, बुरूज, फोटो. गडावरच्या टाक्यात मात्र पाण्याऐवजी हिरवा चिखल होता. उतरताना बाण सारवलेले, वाट चुकली, आणि आम्ही वाळलेल्या कारवीच्या झुडपांत दोन तास भरकटलो. बाटल्या रिकाम्या झाल्या. स्नेहल एका दगडावर बसली ती उठेना, नंतर बोलेनाही. आमच्या हाका ऐकून बाबा वर आले. आल्याबरोबर त्यांचं सुरू: "ह्या अंगाला काय हाय म्हनून आलासा?"

माझा तोल गेला. "तुमच्यामुळे आलो. बाण तुम्ही पुसलेत."

बाबांनी स्नेहलकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या मोबाईलकडे.

"ते पिशवीत ठिवा," ते म्हणाले.

मी ठेवला. तिथून पन्नासेक पावलांवर एका कपारीपाशी त्यांनी करवंदीच्या फांद्या दूर केल्या, एक सपाट दगड सरकवला. खाली गार, स्वच्छ पाणी. स्नेहल ओंजळीनं प्यायली, थांबली, पुन्हा प्यायली. तिच्या तोंडावर रंग आला.

"बारमाही हाय," बाबा हळू आवाजात म्हणाले. "आमची धा घरं आन सारी जितराबं ह्याच्यावर जगत्यात. कुनाला सांगू नगा."

"नाही सांगणार," मी म्हणालो.

आणि मी कुणालाही सांगितलं नाही. फक्त घरी आल्यावर, ट्रेकवाले सगळे वापरतात त्या नकाशावर एक निळा ठिपका टाकला: 'पिण्याचं पाणी, बारमाही'. उन्हाळ्यात उद्या आणखी कुणाच्या जिवावर बेतू नये म्हणून. सांगणं वेगळं आणि नकाशावर टाकणं वेगळं, असं मला तेव्हा अगदी मनापासून वाटलं. लोकांनी आभार मानले, आणि मी खूश झालो.

दिवाळीनंतर गेलो तर पायथ्याला तारेचं कुंपण होतं. फलकावर लिहिलं होतं, 'गडाच्या कुशीत बंगलो प्लॉट, बारमाही नैसर्गिक झरा'. जमीन कागदावर खालच्या गावातल्या कुणाची होती, त्यानं विकली. वरच्या दहा घरांकडे कागदच नव्हता. कुंपणाशी प्लॉट दाखवायला बसलेल्या पोराला मी विचारलं, झरा कसा सापडला. त्यानं कौतुकानं मोबाईल पुढे केला. "ट्रेकवाल्यांची कमाल आहे, सर. आमची माणसं पाण्यासाठी दोन उन्हाळे हिंडत होती." निळा ठिपका, माझे शब्द, खाली माझं नाव. मी तिथेच तो ठिपका काढून टाकला. तोवर तो आणखी चार नकाशांवर गेला होता.

बाबा जनावरं विकून घोटावड्याला, कारखान्यात कामाला असलेल्या मुलाकडे गेल्याचं कळलं. तिथं जायचा धीर व्हायला मला दोन महिने लागले. पत्र्याच्या खोल्यांच्या ओळीत, दाराबाहेर घोंगडी टाकून ते बसले होते. मला लाज वाटत होती, म्हणून उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "बाबा, ती खूण मी केली होती."

"ठावं हाय."

"कुणी सांगितलं?"

"कुनी कशाला सांगंल? तुमी सोडून भायेरच्या कुनाला दावलंच न्हवतं."

मी घोंगडीच्या कडेला बसलो आणि विचारलं, "तुमचा माझ्यावर भरवसा होता?"

"न्हवता," बाबा म्हणाले. "तवाबी न्हवता."

"मग दाखवलंत का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू म्हणत होते, हा काय प्रश्न झाला.

"पोरगी तान्हेली व्हती न्हवं," ते म्हणाले, आणि दाराकडे वळून त्यांनी सुनेला माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं.