एकोणतिसाव्या रोज्याची साक्ष

रमजान एकोणतीस दिवसांचा की तीस, हे एकोणतिसाव्या संध्याकाळी ठरते. चंद्र दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद, नाहीतर आणखी एक रोजा. आभाळ भरलेले असेल तर दोन विश्वासू माणसांनी मशिदीत येऊन सांगावे लागते की आम्ही डोळ्यांनी पाहिला. एकाचे चालत नाही.

मी शिंपी. बारा-पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळी दुकानात कापून ठेवलेल्या, न शिवलेल्या कुर्त्यांचा ढीग पडला होता. ईदच्या आधी देतो म्हणून सगळ्यांना शब्द दिला होता, आणि रोजे तीस होतील असे धरून चाललो होतो.

रोजा सोडून मी आणि माझा शेजारी गच्चीवर गेलो. तो चादरीच्या मागावर काम करायचा, लहानपणापासूनचा दोस्त. गिरणीच्या धुराड्यामागे ढग क्षणभर फाटला आणि नखाएवढी कोर दिसली. बोट आधी मीच केले. तो तसाच मशिदीकडे पळाला. मी मागून जिना उतरलो, मशिदीकडे जाताना दुकानातला तो ढीग दिसला.

इमामसाहेबांनी मला विचारले, "तुमे बी देखे?"

"नै. मेरेकू तो बादलच दिखे."

फोन करून पाहिले, तर इतर गावांतही ढगच होते. तीस पुरे करायचे ठरले. ईदच्या दिवशी रोजा धरायचा नसतो. माझ्यामुळे सगळ्या मोहल्ल्याने धरला. त्यानेही, निमूट. मी दिवसभर मशीन चालवली.

तो मात्र खोटारडा ठरला. चहाच्या गाड्यावर कोणीतरी विचारायचेच, "चाचा, आज कितने चाँद निकले?" पुन्हा तो चंद्र पाहायला गच्चीवर चढला नाही. मला एका शब्दाने विचारले नाही. कुर्ते माझ्याकडूनच शिवून घेत राहिला.

यंदा एकोणतिसाव्याला, संध्याकाळची नमाज होताच, मी मशिदीत उभा राहिलो. तो खरे बोलला होता, मी खोटे, हे सगळ्यांसमोर सांगितले. का, तेही सांगितले.

त्याच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू आहे. बाहेर मी त्याच्या चपला शोधून पायांपुढे ठेवल्या.

"उस ढेर में मेरा कुर्ता बी था क्या?" त्याने विचारले.

"था. सबसे नीचे."

तो हसला नाही. चपला घालून त्याने माझा दंड धरला.

"चल गच्ची पे. आज तू देख, और मेरेकू सच बता."