जुन्या तांदळाचं गाठोडं

२०२३ साल. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होतो, म्हणजे आधार कार्डाप्रमाणे. खरं वय आईला ठाऊक होतं, ते ती बरोबर घेऊन गेली.

मुलगा विरारला नोकरीला आहे. पावसाळा संपल्यावर त्याने आम्हा नवरा-बायकोला फिरायला न्यायचं काढलं. मला वाटलं, लांब कुठेतरी नेईल. तर एक रात्र बोर्डीला चिकूच्या वाडीतल्या झोपडीत आणि दुसरी तलासरीकडे डोंगराच्या पायथ्याशी, तीही झोपडीतच. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन. असल्या घरात मी चाळीस वर्षं काढली, हाडं झिजवून विटांचं घर उभं केलं, आणि हा मला परत कुडात झोपवायला नेतो. शिवाय ती दुसरी झोपडी आमच्या पाड्यापासून चालत तासाभरावर.

मी नको म्हटलं. आमचं नवं व्हायचं होतं. आमच्याकडे नवा तांदूळ आधी घरच्या देवापुढे ठेवतात, मग खातात. घरातल्या मोठ्याने ठेवायचा. त्याने आधीच कुठे चव घेतली तर त्याच्या हातचं त्या वर्षी देवाला चालत नाही. बाप गेल्यापासून ते माझ्याकडे आहे आणि एकदाही मोडलेलं नाही. आमचं भात उशिरा पिकणारं, म्हणून त्या वर्षीचा दिवस अजून आठवड्यावर होता. बहीणही यायची होती.

मुलगा म्हणाला, "दोन दिवसांत काय होतंय बाबा, जुना तांदूळ बरोबर घ्या."

घेतला. फडक्यात बांधून दोन शेर. बोर्डीला रांधणारी बाई आमच्याच बाजूची निघाली, तिला समजावावं लागलं नाही. माझा भात तिने वेगळ्या टोपात शिजवला.

सकाळी निघालो. बोर्डीहून तलासरीला सरळ रस्ता आहे, मी त्याने बैलगाडी नेलेली आहे. पण सुनेला डहाणूचा बाजार बघायचा होता आणि मुलाच्या फोनमधल्या बाईलाही तेच पसंत. म्हणजे जायचं उगवतीला आणि गाडी चालली खाली दक्षिणेला. चिखल्याला पोचलो तेव्हा मी पायाशी चाचपलं.

"गाडी फिरव."

"का?"

"गाठोडं राहिलं. मांडणीवर."

"कसलं गाठोडं?"

"तांदळाचं."

सून खिडकीबाहेर बघून हसू दाबत होती. मुलगा म्हणाला, "बाबा, तिकडेही तांदूळ मिळतो."

"मिळतो म्हणूनच सांगतोय."

"चार वाजता जंगलातली फेरी आहे. आता मागे नाही जायचं."

बायको मागून म्हणाली, "विसरायचं आपण आणि ओरडायचं दुसऱ्यावर."

गाठोडं मीच विसरलो होतो, म्हणून तर राग जास्त आला.

डहाणूला मसोलीच्या बाजारात, गर्दीत तासभर गेला. सुनेला उन्हाची टोपी घ्यायची होती, ती तिने चार दुकानांत घालून पाहिली. मी म्हटलं, तेवढ्यात तांदूळ बघतो. दुकानदार म्हणाला, "काका, एकदम नवा माल!" मी परत गाडीत जाऊन बसलो. मग चारोटी, मग महामार्ग, ट्रकच्या मागे ट्रक. दुपारी हॉटेलात थांबलो. डोसा, इडली, भाताची थाळी, सगळा तांदूळच, नवा की जुना कोण सांगणार; उरली पोळी. पोळीने माझ्या छातीत जळजळ होते. मी दोन केळी खाल्ली.

"खा काहीतरी," बायको म्हणाली. "गाडीत आडवे झालात तर उचलायला मी नाही."

ती खाली मान घालून जेवत होती. मी रागाने तिच्या ताटाकडे बघितलंसुद्धा नाही.

पुढे आमचा फाटा आला. मी म्हटलं, "थांब. दहा मिनिटं. घरी कणगीत जुना तांदूळ आहे."

"घरात शिरलात की तुम्ही बाहेर निघत नाही, बाबा. मागे लग्नाला जाताना काय केलंत? गोठ्याचं दार दुरुस्त करत बसलात."

बसलो होतो. म्हणून काय झालं? फाटा मागे गेला.

दुसऱ्या झोपडीवर एक पोरगेला बाप्या आम्हाला जंगलाच्या फेरीला न्यायला आला, गळ्यात दुर्बीण. मला म्हणाला, "आजोबा, हे मोहाचं झाड. याची फुलं इथले लोक वेचतात." मी म्हटलं, "हो का?" ओट्यावरून समोरच्या टेकाडावर माझा ताड दिसत होता, वाऱ्याने वाकडा झालेला. बाप्याने मला त्याचंही नाव सांगितलं.

दिवे लागले तशी ताटं आली. तांदळाची भाकरी, भात, वर तांदळाची खीर, कडेला शहरातल्यांसाठी पोळी. व्यवस्थापक हात जोडून उभा. "आमची पारंपरिक थाळी. तांदूळ आमच्याच शेतातला, परवाच झोडला."

"देवाला दिलात?"

"काय?"

"काही नाही. चहा आण."

मुलगा म्हणाला, "बाबा, आता पुरे. एक घास. कोण बघतंय इथे?"

"मी बघतोय."

मी चहा प्यालो, आणखी एक केळं खाल्लं आणि कुडाच्या खोलीत जाऊन आडवा झालो. पोट आवाज करत होतं, ते मुलाला पलीकडे ऐकू जावं अशी माझी इच्छा होती.

सकाळी उजाडता उजाडता उठलो, चपला हातात घेऊन बाहेर आलो. फाटकाशी बायको उभी. डोक्याला पदर, काखेत पिशवी.

"चला," म्हणाली. "ऊन व्हायच्या आत."

"तू कुठे? तू तर काल जेवलीस."

"पोळी खाल्ली दोन्ही वेळा. भाताला हात लावला का? इतकी वर्षं तुमच्या बाजूला बसून काय करत होते मी?"

"मग काल बोलली का नाहीस?"

"तुम्ही दोघं ओरडत होता ना. तिसरी कशाला?"

ओढ्यातून गेलो, जवळ पडतं. घरी पोचताच तिने चूल पेटवली, मी कणगीत हात घातला. जुना तांदूळ, वर लसणाची चटणी. मी दोनदा भात घेतला. तिसऱ्यांदा वाढून घेत होतो तेवढ्यात तिचा फोन वाजला; तिने तो माझ्या कानाला लावला. मुलगा घाबरलेला.

"बाबा, कुठे आहात? इथे नाश्ता लागलाय!"

मी आधी घास गिळला.

"घरी आहे," म्हटलं. "गाडी फिरव."