सुलाबाईचा जावई

मखमलाबादला फुलांच्या मळ्याला लागून सुलाबाईचं दोन खोल्यांचं घर आहे. नवऱ्याने मारून हाकललेली बाई पोरांना घेऊन रस्त्यावर दिसली, की बायका तिला याच घराची वाट दाखवतात. सुलाबाई आल्या आल्या काही विचारत नाही. आधी डोक्याला तेल चोळते, ऊन पाणी काढून देते आणि शेजारणीला हाक मारते, "भिमे, माहेरवाशीण आली गं!" मग भिमाबाई कालवण पाठवते, कुणी जुनं पातळ देतं, कुणी पोरांना दूध. दुसऱ्या दिवसापासून ती बाई झेंडूच्या ढिगापुढे सुईदोरा घेऊन बसते, आणि हाराचे पैसे तिचेच. आलेली प्रत्येक बाई सुलाबाईची लेक, एवढाच त्या घरचा कायदा. त्या कायद्यानेच घात केला.

तेजल सटाण्याकडची. आईबाप मागेच गेलेले, कडेवर छोटी सृष्टी आणि मार खाऊन एक कान सुजलेला. सुरुवातीला कुणी हात वर केला तरी ती डोकं झाकून घ्यायची. हळूहळू हार ओवता ओवता गुणगुणायला लागली. सुलाबाई म्हणायची, "पोटची असती तर अशीच असती."

दसऱ्याचा झेंडू संपला आणि तेजलचा नवरा सनी, सहादू नावाच्या चुलत्याला घेऊन दारात उभा राहिला. सुलाबाईच्या तोंडात चांगल्या ठेवणीतल्या शिव्या तयार होत्या. पण तो मेला थेट पायावर पडला. "आई, चुकलं माझं," म्हणाला. झालं! तेजल लेक, तर हा कोण? जावई. सुलाबाईने पाट मांडला, डाळ शिजत घातली, पुरणपोळीवर तुपाची धार धरली. जावई स्वतः मुळाला, बायकोला न्यायला आलाय, पंगतीला जेवलाय, आता लेक पाठवत नाही असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

भिमाबाईने तिला मागच्या दारी ओढलं. "सुले, लय गोड बोलतोय गं तो. मला नाय पटत."

तेजल ताटं घासत होती, सृष्टी तिला चिकटून बसली होती. मान वर न करता म्हणाली, "माले नको धाडू, माय. मी आठेच बरी शे, तुना घरमा."

सुलाबाईला भरून आलं. निघताना कुठली लेक रडत नाही, असंच तिला वाटलं. तिने तेजलची खणानारळाने ओटी भरली, केसांत शेवंती माळली. "दिवाळीला आणीन तुला," म्हणाली.

दिवाळीच्या आधीच सहादूचा फोन आला. तेजल भाजली होती, गेली होती. वर तो शांतपणे म्हणाला, "माहेर म्हणून तुम्हीच. शेवटची साडी घेऊन या."

सुलाबाई हिरवी साडी घेऊन गेली. तिथल्या बायका म्हणाल्या, सवाष्ण आहे, माहेरची ओटी भरा. सुलाबाई ओरडली, "भरली होती! माझ्याच हाताने भरली होती!" सनी आता तुरुंगात आहे. सृष्टीला सांभाळायला त्या घरात कुणी तयार नव्हतं, म्हणून ती पुन्हा मखमलाबादला आली. बायका अजून येतात. आता मात्र कुणाचाही नवरा आला तर गल्लीतल्या बायका त्याला बाहेरच्या बाहेर परत पाठवतात. सुलाबाई कुणाला जावई म्हणत नाही.

होळीला तिने पोरीच्या तोंडी गोड पडावं म्हणून डाळ शिजत घातली. पुरणाचा वास घरभर पसरला. सृष्टी खेळ टाकून आत आली आणि चुलीकडे बघत उभी राहिली. मग तिने सुलाबाईचा पदर दोन्ही मुठींत घट्ट धरला.

"आजी, माले नको धाडू."

सुलाबाईने पातेलं उतरवलं. त्या घरात पुन्हा पुरण शिजलं नाही.