देवळात घेतलेली बायकांची मीटिंग

मनात राग धरू नये, असं मला घरच्यांनी, दारच्यांनी आणि ऑफिसच्या ट्रेनिंगमध्येसुद्धा सांगून झालंय. मी धरते. चांगला घट्ट धरते. ओतूरकडची शेतकऱ्याची पोर आहे मी. आमच्याकडे बांधावरचं भांडण आजोबा नातवाच्या हवाली करून जातो आणि नातू ते जमिनीपेक्षा नीट सांभाळतो. तेव्हा पुढे कुठेतरी मी माफ करीन, अशा आशेनं कुणी हे वाचू नये.

परदेशी मदतीवर चालणाऱ्या विकासाच्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली. म्हणजे नेमकं काय करते, ते आईला अजून कळलेलं नाही. बाजारात कुणी विचारलं की ती सांगते, "पोरगी बाया गोळा करती आन् त्यांना प्रश्न इचारती." माझ्या कामाची याहून चांगली व्याख्या मी कुठल्याही कॉन्फरन्समध्ये ऐकली नाही. लांबच्या देशात बसून कुणीतरी ठरवतं, की बायकांचा किती वेळ पाणी आणण्यात जातो ते शोधू या. मग तोच प्रश्न आफ्रिकेत, नेपाळात आणि आमच्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यात एकाच पद्धतीनं विचारायचा. बायांना गोल बसवायचं, बोलतं करायचं, आणि त्यावरून टाकी कुठल्या वाडीला द्यायची ते ठरवायचं. मी प्रोग्राम कोऑर्डिनेटर होते. जीप ठरवण्यापासून रिपोर्ट लिहिण्यापर्यंत सगळं माझ्याच गळ्यात.

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरात, एक वाडी आहे. अंगणात उभं राहिलं की खाली धरणाचं पाणी लखलखताना दिसतं, आणि वर घोटभर प्यायला नाही. होळी सरली की वाडीतल्या सुना हंडे घेऊन दरीतल्या झऱ्यावर उतरायच्या. तिथल्याच एका सुनेच्या घरी मी मुक्कामाला राहायचे. वयानं माझ्याएवढीच. मी तिला वहिनी म्हणायचे, ती मला ताई. एकदा तिच्याबरोबर हंडा घेऊन मी तो चढ चढले आणि वर येऊन अंगणात आडवीच झाले. ती पदरात तोंड खुपसून हसली आणि परत खाली गेली, कारण माझ्या हंड्यातलं निम्मं पाणी वाटेत सांडलं होतं.

त्या वाडीला टाकी मिळायची, तर बायकांची मीटिंग व्हायला हवी होती. मी ती वहिनीच्या परड्यात, दुपारची कामं उरकल्यावर ठेवली होती. पुण्याहून आमच्या मॅडम यायच्या होत्या. मॅडम म्हणजे आमच्या कार्यक्रमाच्या प्रमुख. परदेशात शिकलेल्या, हातमागाच्या साड्या नेसणाऱ्या, आणि खेड्यावर इंग्रजीत फार सुंदर बोलणाऱ्या. त्यांच्याबरोबर दोन परदेशी पाहुणे होते. मॅडमनी परडं बघितलं, तिथली शेळी बघितली, आणि देवळाकडे बोट दाखवलं. "तिथे किती छान आहे. फरशी आहे, बॅनर लावता येईल."

मी म्हटलं, "मॅडम, देवळात नको. सासरे, चुलतसासरे तिथंच पारावर बसलेले असतात, त्यांच्यापुढे सुना बोलणार नाहीत. ज्या बाजूला बसल्यात त्यांना तर पायरीसुद्धा चढता यायची नाही. आणि मुख्य म्हणजे देवाच्या दारात 'नाही' म्हणायची रीत नाही इथं. तांदूळ संपले तरी बाई देवापुढे 'भरलेलं हाय' म्हणते. तुम्ही पाण्याचं विचाराल आणि त्या भरपूर आहे म्हणून सांगतील."

"तू फार निगेटिव्ह आहेस," मॅडम म्हणाल्या. पाहुण्यांसमोर.

झालं तसंच. सभामंडपात सासवा बसल्या, डोईवर पदर, हात जोडलेले. मॅडमनी गोड आवाजात विचारलं, "पाण्याची काही अडचण आहे का?" सगळ्यात थोरल्या आजींनी आधी देवाकडे बघितलं, मग मॅडमकडे. "देवाच्या किरपेनं काय कमी न्हाई बाई. समदं भरल्यालं हाय." बाकीच्यांनी माना डोलावल्या. पाहुण्यांनी लिहून घेतलं. वहिनी बाहेर, पार लांब चिंचेखाली, कडेवर धाकटं लेकरू घेऊन उभी होती, कारण ती बाजूला बसलेली होती. सकाळपासून काय काय सांगायचं ते तिनं मला घोकून दाखवलं होतं. मीटिंग उठल्यावर ती एवढंच म्हणाली, "ताई, आमच्यापतुर कुनी आलंच न्हाई की."

या वेळी रिपोर्ट मॅडमनी स्वतःच लिहिला, की या वाडीतल्या बायकांना पाणी ही गरज वाटत नाही. टाकी दुसऱ्या गावाला गेली, सडकेला लागून असलेल्या. मी पुण्याच्या बैठकीत उठून उभी राहिले आणि हे चुकीचं आहे म्हणाले. तर मॅडम शांतपणे चष्मा काढत म्हणाल्या, "स्थानिक कोऑर्डिनेटरला बायका जमवणं जमलं नाही. ती त्याच भागातली असल्यामुळे तिला अंतर ठेवता येत नाही." चोर तो चोर, वर शिरजोर! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मार्चमध्ये माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि ते पुढे वाढवलं नाही. मी एसटीनं ओतूरला आले, तर स्टँडवरच ओळखीच्यानं गाठलं. "काय ताई, फॉरेनची नोकरी सुटली म्हनं?" बातमी माझ्याआधी पोचली होती.

त्याच उन्हाळ्यात वहिनी झऱ्याच्या ओल्या दगडावरून भरल्या हंड्यानिशी घसरली. उजवा हात मोडला, आणि बसवताना वाकडा बसला. मग हंडा थोरल्या मुलीच्या डोक्यावर आला. आश्रमशाळेत हुशार म्हणून नाव होतं त्या पोरीचं. शाळा सुटली ती सुटलीच, आणि चार पावसाळे उलटायच्या आत तिचं लग्नही लावून टाकलं. मी लग्नाला गेले होते. नवरीच्या डोक्यावर मधोमध हंड्याचा घट्टा पडला होता, आणि मी अक्षता टाकताना मॅडमना मनातल्या मनात असल्या शिव्या दिल्या, की समोर उभ्या भटजींना ऐकू गेल्या असत्या तर त्यांनी मंगलाष्टकं थांबवली असती.

मी गप्प बसले नाही. दुसरी संस्था, तिसरी संस्था, मिळेल ते काम केलं. इंग्रजीत रिपोर्ट लिहायला शिकले, नैरोबीत आणि काठमांडूत जाऊन माझ्या गावठी उच्चारात बोलून आले. आता मी इतरांच्या कामाचं मूल्यमापन करते. म्हणजे मदत देणारे मला पाठवतात, मी जाऊन बघते, आणि काम खरंच झालंय का ते सांगते. दोन वर्षांपूर्वी असंच एक काम आलं. डोंगरातल्या वाड्यांना नळपाणी. काम मॅडमच्या संस्थेचं. आणि वाड्यांमध्ये ती वाडीसुद्धा होती. हल्ली देणाऱ्यांना डोंगरातल्याच वाड्या हव्या असतात, त्यामुळे मॅडमना तिथल्या बायकांची गरज आता एकदम दिसू लागली होती.

देव पावला म्हणायचं! तरी मी देणाऱ्यांना आधी कळवलं, की या बाईंनी मला काढलेलं आहे, आमचं पटत नाही. उत्तर आलं, की मग तुम्हाला तो भाग चांगला माहीत असेल, जरूर जा.

गेले. टाकी निम्मी बांधून झाली होती. आणि नळ कुठे? देवळासमोर! फोटोत कळस यावा म्हणून. महिन्यातले चार दिवस वाडीतल्या निम्म्या बायांना ज्या आवारात पाय ठेवता येत नाही, तिथं. बाकीच्या वाड्याही मी पायी फिरले. सगळीकडे तेच, देवळात मीटिंग, बॅनर, हात जोडलेल्या सासवा, आणि एकही सून नाही. माझ्याकडे मॅडमना आडवं करण्याइतकं सगळं होतं. काम चालू असताना देणाऱ्यांना एक मधला शेरा पाठवायचा असतो, त्यात मी हे सगळं लिहिलं असतं, तर त्या क्षणी त्यांचं काम थांबलं असतं. टाकीसकट.

मी वहिनीकडे गेले आणि सगळं सांगितलं. ती वाकड्या हातानं भाकरी थापत होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "आदी पानी येऊ द्या ताई. नळ वाटंवर आना, आमच्या घरांपाशी. मंग हाना तिला. लई हाना. पर आदी पानी."

मॅडम मला भेटायला नारायणगावला आल्या. हायवेवरच्या हॉटेलात, हातात पेढ्यांचा बॉक्स. मला "मॅडम" म्हणाल्या. मी पेढा घेतला नाही. म्हटलं, "नळाची जागा बायका ठरवतील. तुम्ही स्वतः येऊन त्यांना विचारा. झऱ्यावर." वेळ मी मुद्दाम वैशाखातली दुपारची दिली. कपटीपणा म्हणा, चालेल. मॅडम त्या दरीत उतरल्या, दोनदा बसत, कातळाला धरत. साडीचा काठ चिखलात, चेहरा लालबुंद. खाली सुना हंडे घेऊन उभ्या होत्या आणि सासरा, दीर, देव कुणीच नव्हता. मग त्या बोलल्या. अशा बोलल्या की मॅडमना मधे एक शब्द घालता येईना. वहिनीनं नळाची जागा सांगितली, आणि वर जाताना मॅडमना एक भरलेली कळशी दिली. "घ्या की, रिकाम्या हातानं कशाला चढायचं." मॅडमनी घेतली. न घेऊन करतात काय!

मी मधल्या शेऱ्यात फक्त नळाच्या जागेचं लिहिलं. काम पुरं झालं, नळ वाटेवर आला, पाणी सुरू झालं. वहिनीच्या घरून निरोप आला, "आलं."

मग मी शेवटचा रिपोर्ट लिहायला बसले. सगळ्या वाड्या, सगळी देवळं, आणि कोणाला विचारलंच नाही ते सगळं. एक शब्द खोटा लिहिला नाही. खोट्याची गरजच नव्हती. मॅडमना कार्यक्रमावरून काढलं, काम दुसऱ्या संस्थेकडे गेलं, आणि ज्या बैठकांत त्या खेड्यांवर बोलायच्या तिथं त्यांना बोलावणं बंद झालं. सूड घेऊन माणसाला रितं वाटतं म्हणतात. साफ खोटं. मला बरं वाटलं. लई बरं वाटलं. त्या दिवशी मी आईकडे जाऊन मासवडी खाल्ली आणि वर परत रस्सा मागून घेतला.

महिन्याभरानं मॅडमचा फोन आला. आवाज बसलेला होता. माझ्या एवढ्या वर्षांच्या कामाची माती केलीस, म्हणाल्या. मी ऐकत राहिले. शेवटी त्या म्हणाल्या, "अगं, पाणी आलं ना त्या वाडीला? आलं की नाही? मग तुझं बिघडलं तरी काय?"

मी म्हटलं, "मधल्या वर्षांचं पाणी कोणी वाहिलं, मॅडम?"

पलीकडून काहीच आलं नाही. फोन मी ठेवला नाही. कानाला तसाच लावून उभी राहिले, कारण त्यांचं ते गप्प राहणं मला पुरतं ऐकायचं होतं.