कथेत रेल्वे नव्हती

आमगाव स्टेशनच्या फलाटावरची ती दुपार मी विसरलेलो नाही. खुनाचे तपास केले, दरोडेखोर पकडले, त्यातल्या बऱ्याच जणांचे चेहरेही आता डोक्यातून गेले आहेत. ही घटना मात्र गेली नाही. यातल्या कुणाचं नाव मी देणार नाही. बहुतेक मंडळी अजून याच जिल्ह्यात राहतात.

निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती आणि आमगावच्या ठाण्याचा चार्ज माझ्याकडे होता. मे महिना होता. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती, तेवढ्यात पन्नाशीच्या एक बाई हातात प्रवासाची बॅग घेऊन आत आल्या. ठाणे अंमलदाराने काय तक्रार म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, "एक मुलगी संकटात आहे. तिचं नाव मला माहीत नाही. गावही माहीत नाही. मी तिला कधी पाहिलेलं नाही."

अंमलदाराने त्यांना माझ्याकडे पाठवलं आणि दारातून माझ्याकडे असं पाहिलं, की आता तुम्हीच सांभाळा.

अशा माणसाला आधी पाणी द्यावं आणि मधे न बोलता ऐकावं, ही माझी पद्धत. खोटं सांगणारा पाठ केल्यासारखं सलग सांगतो. खरं सांगणाऱ्याचं मागेपुढे होतं. बाईंचं बरंच मागेपुढे होत होतं.

त्या कोल्हापूरकडच्या एका शाळेत शिक्षिका होत्या. त्या आणि आणखी सात जण मिळून मोबाइलवर एक गोष्ट लिहीत होते. कुणी कुणाला भेटलेलं नव्हतं. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि फक्त त्या पात्राचं बोलणं-वागणं लिहायचं. दुसऱ्याचं पात्र काय करेल, ते आपण ठरवायचं नाही. एकाने लिहिलं की त्याला धरून दुसऱ्याने पुढे न्यायचं. खरी नावं विचारायची नाहीत, हा त्यांचा नियम होता.

मला काही उमगेना. आमच्या महिला कॉन्स्टेबलने सोपं करून सांगितलं, "सर, आपल्या झाडीपट्टीच्या नाटकासारखंच. फक्त लिहिलेलं नाटक नाही अन् स्टेज नाही. ज्याचं सोंग, त्यानेच बोलायचं."

"तुम्ही कोणतं सोंग घेतलं?" मी बाईंना विचारलं.

"मी सेनापती आहे," बाई म्हणाल्या. "राज्यातून हाकललेला. एका पायाने अधू."

मी हसलो नाही. कॉन्स्टेबल खिडकीबाहेर पाहू लागली.

गोष्ट एका नदीकाठच्या राज्याची होती. सेनापतीला शत्रूपासून लपवून नदीपार नेणारी एक नावाडीण होती, आणि तिचं पात्र लिहिणारी मुलगी आमच्या भागातली असावी, असं बाईंना वाटत होतं. ती 'काऊन' लिहायची, 'येऊन राहिली' लिहायची. धानाच्या बांध्यांबद्दल, म्हणजे भाताच्या खाचरांबद्दल, लिहायची. चार-पाच दिवसांपासून मात्र तिच्या जागी दुसरंच कुणीतरी लिहीत होतं.

"कशावरून?"

"नावाडीण सेनापतीला 'ए लंगड्या' म्हणते, साहेब. सहा महिन्यांत गोड शब्द बोललेली नाही. आता ती 'माझ्या राजा, तुझ्याशिवाय करमत नाही' लिहिते. आणि परवा लिहिलं, आजच्या तारखेला दुपारच्या पॅसेंजरने आमगावला ये, आपण दोघं पळून जाऊ. मी 'येतो' असं कळवलं." त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "आमच्या कथेत रेल्वे नाही, साहेब."

मी मागचं वाचत गेलो. आठवड्याभरापूर्वीच्या खऱ्या मजकुरात नावाडीण म्हणत होती, 'उद्या नाव तयार ठेवते. घर सोडून येऊन राहिली मी. आता मांगं फिरायचं नाई.' एखाद्या मुलीच्या किंवा सुनेच्या मोबाइलमध्ये घरच्या माणसाला हे दिसलं, तर तो काय समजेल, हे सांगायला पोलीस कशाला पाहिजे? फोन कुणीतरी काढून घेतला होता. सेनापती हा तिचा प्रियकर आहे, असं त्याने ठरवलं होतं आणि त्याला बोलावून झोडपण्याचा बेत होता. माझी चिंता वेगळी होती. ती मुलगी कुठे होती?

बाई आधी त्यांच्या गावच्या ठाण्यात गेल्या होत्या. नाव-पत्ता आणा, असं तिथे सांगितलं. तो नव्हता, म्हणून त्या थेट गाडीत बसल्या.

स्टेशन डायरीत नोंद घेतली, रेल्वे पोलिसांना फोन करून कळवलं आणि साध्या कपड्यातले चार जण फलाटावर पेरले. बाईंना बाकावर बसवलं. मी बाकामागच्या पाण्याच्या नळाजवळ उभा राहिलो. ऊन असं होतं, की पत्र्याची सावली सोडून कुणी हलत नव्हतं. चहाच्या टपरीजवळ तिघं उभे होते. ते गाडीची वाट पाहत होते, पण त्यांच्याजवळ सामान नव्हतं. बाहेर त्यांच्या मोटरसायकलला पोत्यात गुंडाळलेल्या काठ्या बांधल्याचं आमच्या हवालदाराने पाहून ठेवलं.

पॅसेंजर आली. तिघांची नजर उतरणाऱ्या प्रत्येक तरुण पोरावर. मी खूण केली आणि बाईंनी लिहिलं, 'उतरलो. फलाटावर आहे.'

तिघांतल्या सर्वांत मोठ्याचा फोन वाजला. त्याने वाचलं, मान उंच करून इकडेतिकडे पाहिलं. बाकावरच्या बाईंवरून त्याची नजर दोनदा गेली, पण थांबली नाही. त्याने टाइप केलं. बाईंनी आपला फोन माझ्याकडे वळवला. 'कुठं हायेस?'

आम्ही तिघांना ताब्यात घेतलं.

मोठा चाळिशीचा होता. घरची धानाची शेती, शिवाय एका राइस मिलमध्ये भागीदारी. फोन भावजयीचा असल्याचं त्याने कबूल केलं. म्हणजे तो त्या मुलीचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. नवरा हैदराबादला कामाला होता.

"फोन बिगडला होता. दुरुस्तीले देला तिनं," तो म्हणाला. "त्याच्यात का लिवलं हाये, मले मालूम नाई."

"ती कुठे आहे?"

"माहेरी गेली. सौंदडले."

सौंदडला वडिलांना फोन लावला. मुलगी आलेली नव्हती. तिला ताप आहे, बोलता येत नाही, असं सासरकडून त्यांना सांगण्यात आलं होतं. महिला कॉन्स्टेबल घर पाहून आली. मुलगी घरात नव्हती. सासू म्हणत होती, सौंदडला गेली. तिची जाऊ, या भासऱ्याची बायको, आत निघून गेली.

हे सगळं त्याच्यासमोर ठेवलं. तरी तो एकाच वाक्यावर अडून बसला. मंग रस्त्यात कुठं गेली असन, मले का मालूम. त्याच्या दोन साथीदारांना फक्त 'एक पोरगा येणार आहे' एवढंच सांगितलेलं होतं. बाहेर ऊन उतरत नव्हतं. मुलगी कुठे कोंडलेली असेल, तर या उन्हात तिचं काय होत असेल, हा विचार मला काही सुचू देत नव्हता. हात उगारून काम होणार नव्हतं. घराण्याच्या इज्जतीसाठी करतोय असं ज्याला वाटतं, तो माराने आणखी घट्ट होतो.

मी बाईंना आत बोलावलं. कोण आहेत ते सांगितलं नाही. शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, "हं, सांगा. गोष्टीत शेवटी काय झालं होतं?"

बाई हुशार होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि शांतपणे सांगू लागल्या. राजाचे शिपाई मागे लागले, नावाडीणीने सेनापतीला घोंगड्याखाली लपवलं, मधे भोवरा लागला आणि नाव बुडाली.

"बुडाली नाई," तो म्हणाला. "रेतीत रुतली."

तो खाली पाहू लागला.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "रेतीत रुतली. आणि मी घोंगड्याखाली होते. तुम्ही ज्याला आज स्टेशनवर बोलावलंत, तो मीच."

त्याने मान वर केली. "तुमी? बाईमानूस?"

"हो."

मी विचारलं, "किती वाचलं?"

"सप्पाच वाचलं," तो म्हणाला. आवाज उतरला होता. "भावाले दाखवाले पुरावा पायजे होता. वाचत गेलो त... मले वाटलं हे खरंच हाये. तिकडं माहा भाऊ राबून राहिला, अन् इकडं हे."

"ती कुठे आहे?"

"मिलच्या मांगच्या गोदामात."

मिल हंगामाअभावी बंद होती. गोदामाला वर पत्रा, बाहेरून कुलूप. चावी जाऊबाईच्या पदराला होती. तीच सकाळी डबा आणि पाणी देऊन येत असे. दार उघडलं तेव्हा मुलगी रिकाम्या बारदानाच्या ढिगाला टेकून बसली होती. ओठ फुटले होते. उभी राहताना तिचा तोल गेला. महिला कॉन्स्टेबलने तिला धरलं. तिचं पहिलं वाक्य मला तसंच आठवतं.

"मी पळून जाऊन नव्हती राहिली, साहेब. मी लिवून राहिली होती."

ग्रामीण रुग्णालयात सलाइन लावल्यावर तिचा जबाब घेतला. बारावीपर्यंत शिकलेली. सगळी कामं आटोपली की दुपारी तासभर लिहायची. नवऱ्याला सांगितलं होतं का, असं विचारलं. म्हणाली, "सांगतलं होतं. तो म्हणे, टाइमपास हाये, कर."

बाई दारात आल्या. मुलीला वाटलं, या साहेबांच्या घरच्या कुणी असतील. बाई म्हणाल्या, "मी लंगडा."

मुलीने सुई लावलेला हात उचलला आणि तोंडावर धरला. मग म्हणाली, "तुमी एवढ्या लांबून कायले आल्या?" बाईंनी खुर्ची ओढली आणि तिच्या पायाशी बसल्या. आम्ही बाहेर गेलो.

डांबून ठेवल्याचा गुन्हा दाखल झाला. नवरा हैदराबादहून आला. घरचं प्रकरण घरात मिटवू, असं आधी माझ्याशीच बोलला. मी त्याला तिच्याकडे पाठवलं. ती म्हणाली, मी कम्प्लेंट मागं घेत नाई. तो दिवसभर ठाण्याच्या आवारात बसून राहिला आणि संध्याकाळी भावाच्या विरोधात जबाब द्यायला तयार झाला. मिटवा, असं सांगणारे आणखी पुष्कळ आले. गावचे आले, नात्यातले आले. ती सौंदडला वडिलांकडे राहिली आणि हटली नाही. पुढे नवऱ्याने नागपुरात काम पाहिलं आणि दोघांनी तिथे बिऱ्हाड केलं.

या तपासाने माझी एक सवय बदलली. हरवलेल्या माणसाची तक्रार आली की आम्ही घरच्यांना विचारायचो. कपडे कोणते होते, भांडण झालं होतं का, पैसे नेले का. त्यानंतर मी एक प्रश्न वाढवला. हा माणूस रोज कुणाबरोबर काय करायचा? खेळायचा, गायचा, लिहायचा? अनेकदा घरच्यांना उत्तर देता येत नसे. ज्यांना देता येई, त्यांच्याकडून काम पुढे सरके.

खटला उभा राहिला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. साक्षीसाठी गेलो, तेव्हा बाईंची उलटतपासणी चालू होती. बचावाचे वकील म्हणाले, "तुम्ही फिर्यादीला भेटला नव्हतात. नाव माहीत नव्हतं. फोटोसुद्धा पाहिला नव्हता. तरी लिहिणारी ती नाही, हे तुम्हाला कळलं, असं कोर्टाने मानायचं?"

बाईंनी थोडा विचार केला.

"ती कशी दिसते ते मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "ती काय बोलणार नाही, ते माहीत होतं."

न्यायाधीशांनी ते वाक्य तसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं. मुलगी मागच्या बाकावर बसली होती. पाच वर्षं एका घरात, एका चुलीवर राहिलेली तिच्या सासरची माणसं पुढच्या बाकावर होती. त्यांच्यापैकी कुणालाही हे वाक्य तिच्याबद्दल म्हणता आलं नसतं.