होकायंत्राजवळची वाटी

तुम्ही कधी एखाद्या म्हाताऱ्याला चारचौघांत खोटं पाडलंय, आणि मग तोच खरा निघालाय? खाली बघू नका. अमेरिकेतल्या चेसापीक खाडीवरच्या धक्क्यावरच्या नोरीन टॉजनंही तीन दिवस तेच केलं.

नोरीनला बोटींचं वायरिंग कुणी शिकवलं नव्हतं. मोडके रेडिओ उघडून, वाचनालयातली पुस्तकं चाळून ती स्वतः शिकली. पहिल्या वर्षी बोटी दुरुस्त करायच्या यार्डातला बक हसला होता, "बाई, तुझं काम पडदे शिवायचं." त्यानंतर पन्नासेक बोटी तिच्या हाताखालून गेल्या. पण बकचं ते वाक्य तिच्या कानातून काही गेलं नाही.

कॅप्टन वेल्डन मार्शल अठ्ठ्याहत्तरचे. छोट्या फायबरच्या मोटरबोटीतून खेकड्यांचे पिंजरे उचलायचे. खांदा धरला, सुकाणूचं चाक फिरवणं जड जाऊ लागलं, म्हणून त्यांनी नोरीनकडून बोट आपोआप चालवणारं यंत्र बसवून घेतलं. तिनं सुकाणूच्या तेलाच्या नळीवर पंप जोडला, बॅटरीपासून थेट जाड वायर ओढली, तिला स्वतंत्र फ्यूज दिला. यंत्राचं होकायंत्र पुढच्या कप्प्यात, लोखंडापासून लांब बसवलं. शांत पाण्यात बोट गोल गोल फिरवून यंत्राला दिशा शिकवल्या. सगळं चोख.

"कॅप्टन, आता चाकापुढच्या त्या जुन्या होकायंत्राकडे बघायचं नाही हं," ती म्हणाली. "माझं यंत्र तुमच्याहून हुशार आहे."

"माझी बायकोही हेच म्हणायची," म्हातारा हसला.

गुरुवारी सकाळी दाट धुकं होतं. कॅप्टन गेले ते थेट उथळ पाण्यातल्या चिखलाच्या दांड्यावर. ओहोटी लागली, बोट कलली. धुकं विरलं तेव्हा अख्ख्या धक्क्याला म्हातारा दिसत होता, चार तास, चिखलात बसलेला. भरतीला ओढून आणलं तेव्हा त्यांचा मुलगा डेल वाट बघत उभाच होता.

"जुनं होकायंत्र वेगळं सांगत होतं," कॅप्टन म्हणाले. "पण ही म्हणाली होती, यंत्राचं ऐका. मी ऐकलं."

नोरीनचं डोकं सणकलं. बक तिथेच उभा होता ना!

"कॅप्टन, बटण कुठलं दाबलंत ते तरी आठवतंय का?"

माणसं खदाखदा हसली. म्हातारा बुटांकडे बघत राहिला. डेलनं बोटीची किल्ली काढून खिशात टाकली. "बास झालं, पप्पा."

दुपारी नोरीन बोटीवर गेली, आपण बरोबर आहोत हे बघायला. पुढचा कप्पा उघडला. यंत्राच्या होकायंत्रापासून दोन वितींवर तिची वाटी होती. चुंबकाच्या बुडाची, स्क्रू घरंगळू नयेत म्हणून ती वापरायची तीच. दिशा शिकवून झाल्यावर ती एक सैल वायर आवळायला पुन्हा आत शिरली होती. वायर आवळली, वाटी तिथेच राहिली. तिनं ती उचलताच यंत्राच्या पडद्यावरचे दिशेचे आकडे सरकले. तीस अंश.

कुणी बघत नव्हतं. तिनं वाटी खिशात घातली.

शुक्रवार गेला. शनिवारही गेला. "बॅटरीचा काही दोष असेल," असं ती विचारणाऱ्यांना सांगत राहिली.

रविवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये मासे आणि मक्याच्या पावाचं जेवण होतं. कॅप्टन कोपऱ्यात एकटेच बसले होते. पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं, "ओ कॅप्टन! लोण्यासाठी कुठलं बटण दाबायचं?"

सगळा हॉल हसला. तिचंच वाक्य. तीन दिवसांत गावभर झालेलं.

नोरीन उठली. तिनं वाटी म्हाताऱ्याच्या ताटाशेजारी ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "ही माझी. होकायंत्राजवळ मी विसरले. यांनी काही चूक केली नाही. मला गुरुवारपासून माहीत आहे."

"बाईच्या हाती वायर दिली की हेच होणार," बक म्हणाला. तिनं बककडे वळूनही बघितलं नाही. तिच्या उभ्या आयुष्यात हे पहिल्यांदा.

कॅप्टननी वाटी फिरवून बघितली. "चूक कुणाच्याही हातून होते गं," ते म्हणाले. "पण तीन दिवस, पोरी?"

ती डेलकडे वळली. "किल्ली दे त्यांना."

"वाटी तुझी असेल, नोरीन," डेल पाव मोडत म्हणाला, "पण वय त्यांचंच आहे. कधीतरी हे होणारच होतं."

बोट आजही धक्क्याला बांधून आहे. यंत्र आता बिनचूक चालतं. नोरीन दर आठवड्याला किल्ली मागायला डेलच्या दारात जाते आणि तो दार लावून घेतो. तिच्या शब्दाला आता किंमत नाही, आणि ती तिनंच घालवली. तेव्हा तुम्ही कधी त्या बाजूला गेलात, तर कृपा करून डेल मार्शलचं दार ठोठावा आणि त्याला सांगा: बापाची किल्ली बापाला दे.